भामेकाठचा झिरा आणि माझी आमटी

पुण्याची माणसं चाकणचा कांदा रोज खातात, पण चाकण कुठे म्हणून विचारलं तर नाशिक रस्त्याकडे हात करून मोकळी होतात. मीही त्यातलीच. वीस मैलांवरचं गाव, पण तिकडे जायचं कधी कारणच पडलं नव्हतं. ते पडलं आमच्या मंडळाच्या दवाखान्यामुळे. मी तिथे नर्स आहे. चैत्रात कांदा निघायला लागला की नगरकडच्या कोरड्या गावांतून माणसं टोळ्या करून चाकणच्या बाजूला येतात आणि महिना-दीड महिना रानातच पालं ठोकून राहतात. त्या उन्हाळ्यात कुठे कुठे पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, कुणकुण होती. तेव्हा कुणीतरी जावं, सुया टोचाव्यात, पाण्यात औषध घालावं, असं ठरलं. 'कुणीतरी' म्हटलं की सगळे माझ्याकडे बघतात.

घरी सांगितलं तर आमचे हे म्हणाले, "आठ दिवस? मग आमटी कोण करणार?"

पटकीची काळजी नाही, बायकोची नाही, काळजी आमटीची! अर्थात त्यांचंही चूक नव्हतं. माझ्या आमटीचं आमच्या गल्लीत नाव आहे, आणि मला त्याचा थोडा गर्वही आहे. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे याच गर्वाचं घर खाली झालं.

रविवार : टांगा

एसटीतून भोसरी, मोशी, इंद्रायणीचा पूल असं करत चाकणला उतरले. हातात वळकटी, खांद्याला सुयांची पेटी, काखेत लाल औषधाचा डबा. टांग्याच्या अड्ड्यावर इस्माईलभाई भेटले. पांढरी दाढी, डोक्याला टापशी आणि बोलणं अखंड.

"बसा बाई. टांगा मोडका दिसतो, पण मोडत नाही. घोडा म्हातारा दिसतो, पण तो खरंच म्हातारा आहे."

वाटेवर दोन्ही बाजूंना कांदाच कांदा. उपटून ठेवलेले ढीग, त्यांवर पातीचं पांघरूण, आणि हवेत असा वास की भूक लागावी आणि डोळ्यांना पाणीही यावं. "पहिले दोन दिवस रडाल," इस्माईलभाई म्हणाले. "मग सवय होते. माझ्या घोड्यालासुद्धा झाली."

मी उतरणार होते रावजींच्या मळ्यावर. भामा नदीच्या काठाला त्यांचं पंधरा-वीस एकरांचं रान, विहीर, मोट, दोन म्हशी. रावजी उंच, आवाज त्याहून उंच. त्यांची बायको कृष्णाबाई. तिने माझ्याकडे, माझ्या पेटीकडे आणि माझ्या चपलांकडे या क्रमाने बघितलं आणि म्हणाली, "चपला भाईरच ऱ्हाऊ द्या, डाक्तरीणबाई."

मी डॉक्टरीण नाही, नर्स आहे, हे आठ दिवसांत मी निदान पन्नासदा सांगितलं. कुणी ऐकलं नाही.

सोमवार : डावा दंड

टोळी नदीच्या अंगाला उतरली होती. बारा-तेरा पालं, मधे चुली. टोळीत शब्द चालायचा तुळसाबाईचा. साठीची, काटक, तोंडात मिश्री, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. तिच्याशिवाय इथे पान हलत नाही, हे मला पाच मिनिटांत कळलं. मी सुई काढल्याबरोबर पालं रिकामी झाली. शेवटी तुळसाबाईच पुढे आली.

"डाव्या दंडावर दे. उजव्यात इळा असतो. हात सुजला तर कांदा कोन कापंल? तुजा नवरा?"

"माझ्या नवऱ्याला कांदा चिरताही येत नाही," मी म्हटलं. सगळ्या बायका खदाखदा हसल्या आणि रांग लागली. डाव्या हाताने विळा धरणारी एक निघाली, तिला उजव्या दंडावर दिली. संध्याकाळपर्यंत सगळी टोळी टोचून झाली. फक्त एका पोरीने मला दमवलं. गजराची चिमी, चार वर्षांची, केसांच्या झिपऱ्या आणि दात धारदार. आईने धरलं, मी दंड पकडला, आणि बयेने माझं बोटच कडाडून चावलं! "सुईवाली! सुईवाली!" म्हणून तिने जी बोंब ठोकली ती नदीपलीकडे ऐकू गेली असेल. त्यानंतर मी दिसले की तीच बोंब. गजरा तेवीस-चोवीस वर्षांची, तोंडातून शब्द न फुटणारी. ती बिचारी लाजून मरायची.

चिमीचं पोट जरा बिघडलेलंच होतं. मी गजराला बजावलं, सगळ्यांनाच बजावलं : पाणी प्यायचं ते फक्त विहिरीचं. नदीचं नाही. विहिरीत मी लाल औषध घातलं, पाणी घटकाभर जांभळं झालं. रावजी काठावर उभे राहून म्हणाले, "बाई, हिरीला रंगपंचमी खेळवली की तुमी!"

"कळलं ना? विहिरीचंच पाणी," मी टोळीला पुन्हा विचारलं.

"व्हय बाई, व्हय," सगळ्या एका सुरात म्हणाल्या. इतक्या एका सुरात, की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

मंगळवार : डाळ

दुपारी तुळसाबाईने जेवायला बसवून घेतलं. आमच्याकडे कांदा पातळ चिरतात, दही घालतात, आणि चातुर्मासात त्याचं नावही काढत नाहीत. इथे तो जमिनीवर ठेवून बुक्कीने फोडतात. चाकूचा कांदा आणि बुक्कीचा कांदा यांच्या चवीत फरक असतो, हे मी स्वतः खाऊन सांगते. हातावर बाजरीची भाकरी, ठेचा, आणि ॲल्युमिनियमच्या ताटलीत तुरीची डाळ. नुसती मीठ, मिरची, लसूण घातलेली. पण काय मऊ! लोण्यासारखी विरघळत होती. मी दोनदा मागून घेतली.

आता एखादी शहाणी बाई जेवून गप्प बसली असती. मी घरी आले आणि कृष्णाबाईला म्हटलं, "आज रात्रीची आमटी मी करते. पुण्याची आमटी खाऊन तर बघा."

डाळ चुलीवर चढवली. विहिरीचं ताजं पाणी, मी स्वतः शुद्ध केलेलं. अर्धा तास झाला, तास झाला, दोन तास झाले. लाकडं संपत आली. डाळीचा दाणा न् दाणा टणक, वेगळा, मणीच जणू! चिंच-गूळ-गोडा मसाला सगळं घातलं, तरी वर पाणी आणि खाली खडे. रावजींनी एक घास घेतला आणि फार सभ्यपणे विचारलं, "पुन्यात अशीच करत्यात का?"

कृष्णाबाईला हसू आवरेना. "अवं बाई, ह्या पान्यात कुटं डाळ शिजती? लई जड पानी हाय आमच्या हिरीचं. आमी चिमटीभर पापडखार टाकतो, तवा शिजती."

"मग त्या टोळीवाल्या पापडखार टाकतात?"

"त्यास्नी कुठला पापडखार?"

मी हातातला डाव तसाच धरून उभी राहिले. दुपारची ती लोण्यासारखी डाळ! ती विहिरीच्या पाण्यातली असणंच शक्य नव्हतं.

बुधवार : माझी मर्दुमकी

सकाळी मी तडक नदीवर गेले. चैत्रातली भामा म्हणजे वाळूचं पात्र आणि मधे मधे डोह. पालांच्या खालच्या अंगाला वाळूत हातभर खोल खड्डा खणलेला, त्यात झिरपून आलेलं नितळ पाणी. याला झिरा म्हणतात. आणि झिऱ्याभोवती आमच्या टोळीतल्या झाडून सगळ्या बायका, परवाच 'व्हय बाई' म्हणालेल्या! कुणी हांडा बुडवत होती, कुणी तांब्या, कुणी नुसते हात. एक पोर कडेला बसून पाय धूत होतं. पलीकडे एक कुत्रं निवांत जीभ लपलपवत होतं.

माझं डोकंच फिरलं. मी रागावले की मला कुणी आवरू शकत नाही, आमचे हेसुद्धा नाही. "याच पाण्याने पोरांची पोटं बिघडतात! मी घसा फोडून सांगते आणि तुम्ही तोंडावर हो म्हणता!" असं म्हणत मी पायानेच वाळू आत लोटायला लागले. रावजींचे दोन गडी तिथे आले होते, त्यांना फावडी घेऊन झिरा पार बुजवायला लावला. वर एक धोंडाही ठेवला.

तुळसाबाई रिकामा हांडा घेऊन वळली. मी मात्र छाती पुढे काढून घरी आले. कृष्णाबाईला सगळं रंगवून सांगितलं. तिने ऐकलं आणि म्हणाली, "बरं." एवढंच. त्या 'बरं'चा अर्थ मला दोन दिवसांनी कळला.

गुरुवारी सगळं शांत होतं. मी कांदा काढायला शिकले. पात एका मुठीत धरून हलकेच हिसका द्यायचा. मी जोराने हिसका दिला, पात हातात आली आणि मी मागच्या सरीत पडले. बायका हसल्या, पण सोमवारसारख्या नाही.

शुक्रवार : पेज

सकाळी गजरा दारात उभी. कडेवर चिमी. मी उठून पुढे गेले. पोरगी ओरडली नाही. मला बघून ती ओरडलीच नाही! डोळे खोल गेलेले, ओठ कोरडे, मान आईच्या खांद्यावर टाकलेली. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहिली. रात्रीपासून जुलाब, दोन उलट्या.

"काय पाजलंस हिला? कुठलं पाणी?"

गजरा रडायला लागली. उत्तर दिलं तिच्यामागून आलेल्या तुळसाबाईने.

"डोहाचं. जिथं म्हशी बसत्यात त्या डोहाचं. आमचा झिरा तू बुजवलास, मंग कुटं जायाचं आमी?"

"पण विहीर होती ना!"

"हिरीवर आमाला उतरू देत्यात व्हय? मोट चालंल तवा थारोळ्यात पानी पडतं, तितनं भरायचं. आन् मोट चालती सकाळी, तवा आमी रानात असतो. परत आलो की थारोळं कोरडं. आन् त्या पान्यात डाळ शिजत न्हाई. दिसभर वाकून आलेल्या मान्सानं कच्ची डाळ चावायची का? तू इच्यारलं आसतंस तर सांगितलं आसतं. तू नुसतं सांगत व्हतीस."

पोरांना वाचवायला आलेली मी, आणि आगीतून काढून फुफाट्यात टाकलं ते मीच. त्या क्षणी मला माझीच इतकी शरम वाटली की रडू आलं, आणि या वेळी ते कांद्याचं नव्हतं.

रडायला वेळ नव्हता हेच बरं. रावजींनी चाकणला डॉक्टरांना आणायला माणूस धाडला, तो निरोप घेऊन आला की डॉक्टर दुसऱ्या गावी गेलेत, संध्याकाळी येतील. तोवर पोरीच्या अंगातलं गेलेलं पाणी भरून काढायचं होतं. कृष्णाबाईने तांदूळ काढले, मी विहिरीचं पाणी उकळून त्यात मीठ घालून पेज केली आणि चमच्याने पाजली. चिमीने पहिला चमचा थुंकला. दुसराही. मी चाखून बघितली. खारट, मचूळ, वर अर्धे कच्चे तांदूळ. आजारी पोर ती काय पिणार?

"सर बाजूला," तुळसाबाई म्हणाली आणि पदर खोचून नदीकडे निघाली. गजराला चिमीजवळ बसवून मी तिच्यामागे धावले.

या वेळी ती पालांच्या वरच्या अंगाला गेली, म्हशींच्या डोहापासून दूर. वाळू पायाने चाचपत चाचपत एके ठिकाणी थांबली आणि हातांनी उकरायला लागली. मीही बसले उकरायला. हातभर गेल्यावर ओल लागली, मग पाणी. मी तांब्या पुढे केला, तर तिने माझा हात झटकला. "पैलं पानी पीत नसत्यात." उपसून टाकलं. दुसरं भरलं, तेही टाकलं. तिसरंही. मग कनवटीची हळदकुंकवाची पुडी सोडून ती झिऱ्याच्या कडेला बोटं टेकवायला लागली.

"तुळसाबाई, हळदकुंकू राहू दे गं! पोरगी तिकडे—"

"थांब. गाळ खाली बसू दे. त्याच्याशिवाय हात लावायचा न्हाई."

मी पाण्यात बघत बसले. हळदकुंकू होईपर्यंत तळाची वाळू खरंच खाली बसली आणि पाणी आरशासारखं स्वच्छ झालं. माझ्या नर्सिंगच्या पुस्तकात पाणी निवळू द्यायचं लिहिलंय, पण घाईच्या वेळी हात कसा आवरायचा ते लिहिलेलं नाही.

त्या पाण्यात, उकळून, पेज झाली. तांदूळ घटकाभरात विरघळले. चमचाभर पाजायची, थांबायचं, पुन्हा चमचाभर. पहिला चमचा चिमीने तोंडात धरून ठेवला. मग तिने तो गिळला. दुपारभर तेच. एकदा उलटली, पुन्हा सुरू केलं. दिवस मावळताना डॉक्टर इस्माईलभाईंच्या टांग्यातून आले, पोरीला तपासलं, पुडी दिली आणि म्हणाले, "पेज थांबवू नका. तीच तारेल."

शनिवार : बोंब

शनिवारी परतायचं ठरलं होतं. इस्माईलभाई चाकणच्या बाजारचं भाडं सोडून मला न्यायला आले, तर मी म्हटलं, आज नाही. ते म्हणाले, "मला माहीत होतं. मी घोड्याला सांगूनच आणलंय."

रात्री गजराने चिमीला पालावर नेलं होतं, मी तिकडे गेले. आत वाकून बघते तो चिमी वळकटीला टेकून बसलेली, हातात भाकरीचा तुकडा. तिने मान वळवून मला बघितलं, डोळे मोठे केले, आणि सगळी ताकद एकवटून किंचाळली, "सुईवाली आलीऽऽ!"

मी तिथेच फतकल मारली आणि हसायला लागले, हसता हसता डोळे गळायला लागले. गजरा पोरीला गप्प करायला धावली. "ओरडू दे," मी म्हटलं, "ओरडू दे गं तिला."

मग दिवसभर काम. या वेळी मी आधी विचारलं. पाणी कोण काढतं, कशाने काढतं, कुठे सांडतं. तुळसाबाईने सांगितलं की तिच्या गावी मोठ्या झिऱ्याला कोंबड्या झाकायचं डालगं बूड काढून लावतात, म्हणजे वाळू ढासळत नाही. रावजींनी एक जुनं डालगं काढून दिलं, आम्ही त्याचं बूड कापलं आणि झिऱ्यात उतरवलं. भोवती काट्यांचं कुंपण केलं. पाणी काढायला लांब दांड्याचा एकच डाव ठेवला, बाकी कुणाचं भांडं आत बुडायचं नाही. लहान पोरांचं पाणी उकळायचं. चपला कुंपणाबाहेर. आणि म्हशी खालच्या डोहावर.

"म्हशीला काय सांगू मी?" रावजी म्हणाले. "ती माजं कुटं ऐकती?"

"मग कृष्णाबाईंना सांगा, त्यांचं ऐकेल," मी म्हटलं. कृष्णाबाईने मान डोलावली. थारोळ्याचं मीच काढलं : मोट संध्याकाळी घटकाभर चालवाल का, टोळीला अंघोळीला होईल. रावजी बैलांकडे बघून म्हणाले, "चालवू. पन हिरीवर उतरायचं मातुर..." आणि वाक्य अर्धंच सोडलं. तेवढ्यावर त्या दिवशी थांबावं लागलं. मला ते आवडलं नाही, आणि मी तसं तोंडावर बोलूनही दाखवलं.

रविवार : पायतान

निघताना तुळसाबाईने फडक्यात दोन शेर तूरडाळ बांधून दिली. "पुन्याच्या पान्यात शिजती का बग." बायका हसल्या, पुन्हा पहिल्यासारख्या. इस्माईलभाईंचा टांगा उभा होता, पण म्हटलं एकदा झिऱ्यावर जाऊन यावं.

कुंपणाच्या तोंडाशी चिमी उभी होती. अजून पायांत जोर नव्हता, म्हणून एका हाताने कुंपणाचा खुंट धरलेला. दुसऱ्या हातात तो लांब दांड्याचा डाव, तिच्याहून उंच. मी दिसल्यावर या वेळी ती ओरडली नाही. तिने माझ्या पायांकडे बघितलं आणि डाव आडवा धरला.

"पायतान काढ."

मी चपला काढल्या, कुंपणाबाहेर नीट जोडीने ठेवल्या. तिने खात्री करून घेतली. मग डाव बुडवून, दोन्ही हातांनी सावरत, अर्धं पाणी वाळूत सांडत बाहेर काढला. मी वाकून ओंजळ पुढे केली आणि चिमीने ओतलेलं पाणी पोटभर प्याले.